कीर्तिमंदिरात कोणाला बसवावे?

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवलेला वाटोळा चेंडू येतो. आज ज्या फुटबॉलविषयी सांगणार आहे तो निराळा. अमेरिकेत या नावाने जो खेळ चालतो त्यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचे. वार म्हणजे आपण कापड मोजतो तोच. सरकले की पुन्हा चार प्रयत्न, आणि असे करीत पलीकडची रेघ ओलांडली की गुण. चेंडू घेऊन पळणाऱ्याला किंवा तो फेकणाऱ्याला समोरचे गडी धरून खाली पाडतात. कबड्डीत चढाईवाल्याला पाडतात तसेच म्हणा. मात्र कबड्डीत चढाईवाला एकटा असतो, आणि इथे त्याचे साथीदार अंगावर येणाऱ्यांना ढकलून त्याची वाट मोकळी करीत असतात. हा फरक ध्यानात असू द्या, बरं का. पुढच्या भांडणाचे मूळ बरेचसे त्यातच आहे.

भांडण कशाचे, तर मानाचे. ओहायो राज्यात कॅन्टन नावाचे गाव आहे. तिथे राल्फ हेय नावाचे एक गृहस्थ मोटारी विकत. 17 सप्टेंबर 1920 रोजी त्यांच्या दुकानात निरनिराळ्या फुटबॉल संघांचे चालक जमले. खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण मोटारींच्या पायऱ्यांवर बसले, असे सांगतात. तिथेच धंदेवाईक संघांची संघटना स्थापन झाली. 1922 पासून तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग. म्हणून 1963 साली या खेळाचे कीर्तिमंदिर उभे राहिले तेही कॅन्टनलाच. पहिल्या वर्षी सतरा जणांना मान मिळाला. ज्याची निवड होते त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा तिथे कायमचा बसतो आणि त्याला एक पिवळा कोट मिळतो. कोट साधाच, पण तो अंगावर चढावा म्हणून माणसे अर्धे आयुष्य वाट पाहतात.

निवड करतात सुमारे पन्नास मतदार, त्यांत बहुतेक क्रीडापत्रकार. खेळाडूला खेळ सोडून पाच वर्षे झालेली असली पाहिजेत. प्रत्येक उमेदवाराची बाजू त्याच्या गावचा पत्रकार मांडतो, वकिलाने मांडावी तशी. मग मते. शंभरात ऐंशी मिळाली तरच दार उघडते.

तुम्ही म्हणाल, यात भांडायचे काय? कोणी किती वार पळाला, किती चेंडू झेलले, हे सारे मोजलेले असते. आकडे मांडावेत आणि वरचे पाच घ्यावेत. शाळेत आपण गुणानुक्रम लावतो, तसेच की नाही?

तर एका माणसाची गोष्ट ऐका. जेरी क्रेमर हा ग्रीन बे पॅकर्स या संघाचा गडी. त्याची जागा 'गार्ड'ची, म्हणजे वाट मोकळी करणाराची. हा गडी चेंडू घेऊन पळत नाही, चेंडू झेलत नाही, गुणही नोंदवीत नाही. समोरच्या धिप्पाड माणसाला बाजूला सारायचे आणि त्या फटीतून दुसऱ्याने निघून जायचे, हेच त्याचे काम. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नाव यायचे ते निघून गेलेल्याचे.

31 डिसेंबर 1967. अजिंक्यपदाचा सामना, समोर डल्लासचा संघ. थंडी अशी की पारा शून्याच्या खाली पंचवीस अंश सेल्सिअस. मैदान गोठून दगड झालेले. ग्रीन बे तीन गुणांनी मागे, सोळा सेकंद उरलेले आणि शेवटची रेघ हातभर अंतरावर. बार्ट स्टार याने चेंडू घेतला आणि क्रेमरने जी फट पाडली तीतून तो रेघेपलीकडे पडला. सामना जिंकला. दूरचित्रवाणीवर तो क्षण पुनःपुन्हा दाखवला गेला, आणि एरवी कोणाच्या दृष्टीस न पडणारा गार्ड एकाएकी देशभर माहीत झाला.

क्रेमरच्या काळात त्या संघाने पाच वेळा अजिंक्यपद मिळवले. 1969 साली लीगच्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम संघ निवडला गेला, त्यात क्रेमर होता. मग तो कीर्तिमंदिरात लगेच गेला असेल? छे! दहा वेळा त्याचे नाव शेवटच्या यादीपर्यंत पोचले आणि दहाही वेळा मागे फिरले. कोणी म्हणे, त्या संघाचे पुष्कळ लोक आधीच आत आहेत, आणखी किती घ्यायचे? कोणी म्हणे, त्या एका क्षणाच्या चित्रामुळे हा उगाच मोठा झाला. उलट उत्तर देता येईल असा एकही आकडा क्रेमरजवळ नव्हता. ज्यांनी त्याला खेळताना पाहिले ते मतदार एकेक करून म्हातारे होऊन गेले. अखेर 2018 साली तो आत आला. तेव्हा त्याचे वय 82 होते.

आणि एक पुरवणी. त्या क्षणी समोरच्या गड्याला हटवणारा क्रेमर एकटा नव्हता. त्याच्या खांद्याला खांदा लावून केन बोमन नावाचा आणखी एक गडी ढकलत होता. तो काही कीर्तिमंदिरात नाही.

म्हणजे आकडा नसला की पंचाईत. पण आकडा असला म्हणजे तरी सुटका होते का? केन रायली हा सिनसिनाटीच्या संघाचा खेळाडू. 1969 ते 1983, पंधरा हंगाम एकाच संघात. त्याचे काम प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू मधल्या मध्ये पळवण्याचे. असे 65 चेंडू त्याने पळवले. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्यापुढे फक्त तीनच माणसे होती. एवढे असूनही दर वर्षी निवडक खेळाडूंचा जो मानाचा सामना होतो, त्यात पंधरा वर्षांत त्याला एकदाही घेतले नाही. सिनसिनाटी काही न्यूयॉर्क नव्हे, आणि रायली स्वतःचा डंका पिटणाऱ्यांतला नव्हता. पुढे मतदार म्हणू लागले, "तेव्हाच्या लोकांनीच याला थोर मानलं नाही, मग आपण का मानावं?" एकदा झालेला अन्याय हाच दुसऱ्या अन्यायाचा पुरावा झाला! रायलीची निवड 2023 साली झाली. तो जून 2020 मध्येच वारला होता.

काही माणसांच्या बाबतीत तर मोजायला मैदानच मिळाले नाही. फ्रिट्झ पोलार्ड हा काळा खेळाडू 1920 सालच्या विजेत्या ॲक्रन संघात होता आणि दुसऱ्याच वर्षी त्या संघाचा प्रशिक्षकही झाला. पण 1934 पासून 1945 अखेर या लीगमध्ये एकाही काळ्या माणसाला खेळू दिले गेले नाही. त्या बारा वर्षांत कोण कोण थोर झाले असते, हे कोणत्या कोष्टकात शोधायचे? पोलार्ड 1986 साली वारला. त्याचा पुतळा 2005 साली बसला.

दुसरा वाद काळाचा. थोडे दिवस पण लखलखीत खेळलेला मोठा, की वर्षानुवर्षे नेटाने टिकलेला मोठा? शिकागोचा गेल सेयर्स गुडघ्याच्या दुखापतींमुळे अवघे 68 सामने खेळला. पण 1965 साली, पहिल्याच हंगामात, चिखलाने भरलेल्या मैदानावर त्याने एका सामन्यात सहा वेळा चेंडू रेघेपार नेला. ज्यांनी ते पाहिले त्यांना कोष्टकाची गरज पडली नाही. 1977 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो आत गेला. याउलट ग्रीन बेचा स्टर्लिंग शार्प पाहा. सात हंगामांपैकी तीन हंगामांत लीगमध्ये सर्वांत जास्त चेंडू झेलणारा हाच. 1994 च्या अखेरीस मानेच्या दुखापतीने खेळ संपला. त्याचा धाकटा भाऊ शॅनन दीर्घकाळ खेळला आणि 2011 साली आत गेला. त्या दिवशी भाषणात त्याने सांगितले की, मी आमच्या घरातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आहे. थोरल्याला आत यायला 2025 साल उजाडावे लागले. सेयर्सला एक माप आणि शार्पला दुसरे, हे काही मला पटत नाही.

वर्तनाचा वाद मी थोडक्यातच सांगतो. नियम असा की फक्त मैदानावरचा खेळ पाहायचा. म्हणून 1985 साली निवडलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा पुतळा, तो पुढे तुरुंगात गेला तरी, जागचा हलला नाही. टेरेल ओवेन्स निवृत्त झाला तेव्हा झेल घेऊन मिळवलेल्या वारांत, 15,934 वारांसह, तो इतिहासात दुसरा होता. तरी त्याला दोनदा परत पाठवले, कारण त्याने साथीदारांशी भांडून संघ नासवले म्हणतात. आता संघातले भांडण हे मैदानातले की बाहेरचे? 2018 साली निवड झाली तेव्हा ओवेन्स कॅन्टनला गेलाच नाही. त्याने चॅटनूगाला, आपल्या जुन्या विद्यापीठात, स्वतःचा वेगळा समारंभ केला! त्याचे वागणे मला आवडत नाही, पण दोनदा नाकारणारांची बाजूही मला लंगडीच वाटते.

आता शिक्षकांसाठी एक गणित. फळ्यावर घालून पाहा. 2025 च्या निवडीपासून पद्धत बदलली. अलीकडच्या खेळाडूंची यादी गाळत गाळत सातांवर आणायची आणि प्रत्येक मतदाराने त्या सातांतले पाच निवडायचे. पन्नास मतदार धरा. एकूण मते झाली अडीचशे. सातही उमेदवार सारखेच थोर असतील आणि मते सारखी वाटली गेली, तर प्रत्येकाला पडतील पस्तीस-छत्तीस. हवीत चाळीस. म्हणजे सगळेच लायक असले तर ती रेघ कोणीच ओलांडत नाही! त्या वर्षी सातांतले तीनच आत गेले. एलाय मॅनिंगचे नाव तेव्हा प्रथमच मतदारांपुढे आले होते. त्याने 2008 आणि 2012 साली अंतिम सामना जिंकून दिला आणि दोन्ही वेळा सामन्याचा मानकरी ठरला. पण एरवीच्या हंगामी सामन्यांत त्याच्या नावावर जय 117 आणि पराजयही 117. याला थोर म्हणावे की नाही, यावर अमेरिकेत अजून हातघाई चालते. तो मागे राहिला.

जुन्या खेळाडूंची यादी आणखी कठीण. तिच्यात प्रशिक्षक आणि संघटकही घातले आहेत. पाच नावे, त्यांतली तीनच निवडायची. सरासरी साठ टक्के, आणि हवे ऐंशी. 2025 साली त्या पाचांत शार्प एकटा पार झाला. मागे राहिलेल्या चौघांत एक नाव होते राल्फ हेय. होय, तेच! ज्यांच्या मोटारींच्या दुकानात ही संघटना जन्मली तेच.

ऐंशी टक्क्यांची अट मला मान्य आहे. मान सहजासहजी मिळू नये. पण जुन्यांना एकमेकांशी झुंजवून ती अट लावणे गैर आहे. म्हातारा खेळाडू पुढच्या वर्षाची वाट पाहू शकतोच असे नाही.

मला कोणी मत विचारले, तर मी एल. सी. ग्रीनवुडला देईन. पिट्सबर्गच्या संघाने सत्तरीच्या दशकात चार वेळा अजिंक्यपद मिळवले, त्या संघाच्या पहिल्या फळीत हा उंचापुरा गडी सोनेरी बूट घालून उभा असे. फेकणाऱ्याच्या हातून चेंडू सुटण्याआधीच त्याला आडवा करणे, हे त्याचे मुख्य काम. 2025 पर्यंत सहा वेळा तो शेवटच्या यादीपर्यंत पोचला होता. 2013 साली तो वारला, आणि 2025 ची निवड झाली तेव्हाही त्याचा पुतळा बसलेला नव्हता. फेकणाऱ्याला असे किती वेळा पाडले याची अधिकृत मोजणी लीगने 1982 साली सुरू केली. ग्रीनवुडचा शेवटचा हंगाम 1981 चा. लीगच्या वहीत त्याच्या नावापुढचा तो रकाना कोरा आहे.