फितीवरचा न ऐकू येणारा सूर

पणजी आकाशवाणीवरून पाळी-साखळीच्या घराघरांत पोचणारे किती तरी आवाज पूर्वी चुंबकी फितीवर साठवलेले असत. फितीवरचे कण मोठे आळशी. हलक्या सुराला दाद देत नाहीत, आणि आवाज फाटका उमटतो. म्हणून ध्वनिमुद्रण करताना गाण्यात 100 किलोहर्ट्झच्या आसपासचा किंवा त्याहून वरचा, कानाला न कळणारा विद्युतप्रवाह मिसळतात. हाच बायस. जर्मन रेडिओत वाल्टर वेबर यांनी 1940 मध्ये त्याची करामत दाखवली आणि तिथल्या मॅग्नेटोफोन या फितीयंत्राचा आवाज एकदम निवळला.

हा बायस द्यायचा किती? आधी यंत्राची फितीला टेकणारी हेड पुसून, चाचणी-फितीने वाचनाची बाजू जुळवून घ्यायची. नाहीतर पुढचे सारे मोजमाप फसवे. मग 10 किलोहर्ट्झचा सूर मुद्रित करत बायस वाढवत न्यायचा. मीटरचा काटा शिखर गाठतो, मग उतरू लागतो. तंत्रज्ञ मुद्दामच शिखर ओलांडतो: फितीच्या सेकंदाला 15 इंच वेगावर काटा साधारण 3 डेसिबल उतरेपर्यंत, फितीच्या जातीनुसार कमी-जास्त. बायस कमी पडला तर आवाज चिरतो, फार झाला तर झांजेची धार जाते. चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर हे प्रत्येक ट्रॅकला वेगळे (संयमाची परीक्षाच म्हणा!). आणि फितीची जात बदलली की पुन्हा पहिल्यापासून.