‘चल मेरी लूना’ : नगरची गाडी, जाहिरातीची भाषा

कारखान्यात तयार होते ती वस्तू. तिचे नाव लोकांच्या तोंडी बसते ते बाजारात. या दोन टप्प्यांमधले काम जाहिरात संस्था करते. हे काम नेमके कसे चालते आणि त्याची ताकद कुठवर पोहोचते, याचे उत्तम उदाहरण अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात सापडते. ते उदाहरण म्हणजे कायनेटिकची लूना आणि तिच्यासाठी ओगिल्वी अँड मेदर या संस्थेने केलेली जाहिरात.

फिरोदिया हे नगरचे नामांकित घराणे. कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंगची स्थापना केली. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर आधारलेली, ५० सीसीची, पॅडल असलेली लूना १९७२ मध्ये बाजारात आली. नगर-दौंड रस्त्यावरील कारखान्याचे नाव पुढे या गाडीशी कायमचे जोडले गेले. तो परवाना राजचा काळ होता. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा वेळी सायकलवरून एक पायरी वर चढू पाहणाऱ्या शिक्षक, कारकून, दूधवाले, लहान दुकानदार आणि नोकरदार महिलांना लूना परवडली आणि पेललीही.

जाहिरात संस्थांचा वारसा

भारतातील जाहिरात व्यवसायाच्या इतिहासात गिरगावचे स्थान मानाचे आहे. १९०५ मध्ये तेथे सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी देशातील सर्वात जुन्या जाहिरात संस्थांमध्ये गणली जाते. आरंभीच्या काळात अशा संस्थांचे मुख्य काम वृत्तपत्रांतील जागा मिळवून देण्याचे असे आणि त्याबद्दल माध्यमांकडून दलाली मिळे. जागेबरोबर मजकूर आणि चित्रही देण्याची प्रथा हळूहळू रूढ झाली. पुढे परदेशी कंपन्या आल्या. ओगिल्वीच्या भारतीय शाखेचे मूळ कोलकात्याच्या डी. जे. कीमर या संस्थेत आहे. सत्यजित राय १९४३ मध्ये याच कीमरमध्ये चित्रकार म्हणून रुजू झाले होते. डेव्हिड ओगिल्वी यांनी न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली सुरू केलेल्या संस्थेचे नाव या शाखेला नंतर मिळाले.

अशा संस्थेत कामाची वाटणी ठरलेली असते. ग्राहक-सेवा विभाग उत्पादकाचे म्हणणे ऐकतो आणि कोणाला, काय आणि का सांगायचे याचे टिपण करतो. या टिपणाला व्यवसायात ‘ब्रीफ’ म्हणतात. माध्यम विभाग पैसा कोठे खर्चायचा ते ठरवतो. सर्जनशील विभागात कॉपीरायटर आणि कला दिग्दर्शक मिळून कल्पना शोधतात. मोठा खर्च शेवटच्या दोन-चार शब्दांच्या जोरावर फळतो किंवा वाया जातो. म्हणून या विभागाला महत्त्व.

भाषेचा प्रश्न

सत्तरच्या दशकापर्यंत मुंबईतील बहुतेक मोठ्या संस्थांमध्ये विचार इंग्रजीत होई आणि मराठी-हिंदी वाचकाच्या वाट्याला अनुवाद येई. हा अनुवाद व्याकरणशुद्ध असला तरी निर्जीव वाटे. दूरदर्शनवर १९७६ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि परिस्थिती बदलली. आता जाहिरात वाचायची नव्हती, ऐकायची होती. कानाला परके वाटणारे वाक्य तेथे टिकणे अशक्य होते.

याच १९८२ साली जयपूरचे पीयूष पांडे ओगिल्वीच्या ग्राहक-सेवा विभागात दाखल झाले. राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळलेल्या आणि चहाची पारख करण्याची नोकरी केलेल्या या तरुणाचा कान बोलीभाषेवर तयार झालेला होता. ऐंशीच्या दशकात लूनासाठी त्यांनी लिहिलेली ‘चल मेरी लूना’ ही ओळ म्हणजे त्या कानाची कमाई.

या तीन शब्दांत गाडीच्या इंजिनाचा, किमतीचा वा इंधन-बचतीचा उल्लेखही नाही. टांगेवाला आपल्या घोडीशी बोलतो, तसा मालक इथे आपल्या गाडीशी बोलतो. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी ज्यांनी लहानपणी ऐकली, त्या मराठी मनालाही हे ‘चल’ परके वाटले नाही. निर्जीव वाहन एका शब्दाने घरातले माणूस झाले. शिवाय बोलणारा कोणी नट वा धनिक नसून सामान्य माणूस होता. लूना घेणे हे स्कूटर न परवडल्याचे लक्षण न राहता स्वतःच्या पायावर उभे राहिल्याची खूण ठरली. वस्तूचे गुण सांगण्याऐवजी ती वापरणाऱ्याचा मान वाढवणे, हे या जाहिरातीचे खरे यश होय.

या संस्थेने पुढे हीच वाट रुंद केली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे शब्द पांडे यांचेच. फेविकॉल, कॅडबरी आणि पोलिओ निर्मूलन मोहिमेच्या जाहिरातींनीही लोकांच्या बोलीलाच प्रमाण मानले. २०१६ मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या पांडे यांचे २४ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत निधन झाले.

जाहिरातीची मर्यादा

या यशकथेला दुसरी बाजूही आहे. १९८५ मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली. कमी इंधनात अधिक वेग आणि अधिक भार मिळू लागला, कर्जाची सोय वाढली आणि ग्राहकाची अपेक्षा बदलली. ‘चल मेरी लूना’ लोकांच्या ओठांवर होते, पण पाय दुसऱ्या गाड्यांकडे वळले. नवे शतक उजाडता उजाडता लूना बाजारातून ओसरली. चांगली जाहिरात वस्तूला ओळख देते, बदललेली गरज मात्र ती रोखू शकत नाही.

तरीही ओळख टिकते, हेही तितकेच खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ‘ई-लूना’ आणली, तेव्हा नवे नाव शोधावे लागले नाही. जुने नाव उच्चारताच लोकांना ती जुनी ओळ आठवली. आज तालुक्याच्या गावीही फलक, पत्रके आणि मोबाइलवरील चित्रफिती बनवणारे व्यावसायिक आहेत. साधने त्यांच्या हाती आहेतच. लूनाच्या उदाहरणातून त्यांनी घ्यावा असा धडा एवढाच, की ग्राहक घरात ज्या भाषेत बोलतो ती भाषा आधी ऐकावी आणि मगच लिहावयास बसावे.