दूध, दही आणि स्त्रीबीजं: माहीत असाव्यात अशा सात गोष्टी

मूल हवं असलेल्या बाईला सल्ल्यांची कमतरता नसते. 'दूध बंद कर' हा त्यातलाच एक. त्यामागे थोडं विज्ञान आहे खरं, पण ते कुणाला लागू पडतं हे आधी समजून घ्यायला हवं.

1. एका साखरेत दोन
गाईच्या 100 मिली दुधात सुमारे 5 ग्रॅम लॅक्टोज असतं, आईच्या दुधात सुमारे 7. आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन भाग होतात. बीजांडकोशाच्या संदर्भात चर्चा होते ती गॅलॅक्टोजची.

2. आईचं दूधही बाधतं!
क्लासिक गॅलॅक्टोसेमिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारात गॅलॅक्टोज पचवणारं 'गॅल्ट' हे एन्झाइम जवळजवळ नसतंच. दूध सुरू होताच बाळाला उलट्या, कावीळ होते आणि यकृत बिघडतं. निदान लवकर होऊन दूध थांबलं, तर जीव वाचतो.

3. फटका मुलींनाच
हा आजार असलेल्या 80 टक्क्यांहून अधिक मुलींचे बीजांडकोश अकाली निकामी होऊ लागतात. काहींना पाळी येतच नाही, काहींची लवकर जाते. मुलग्यांची प्रजननक्षमता मात्र बहुधा शाबूत राहते.

4. पथ्य पाळलं तरी?
लहानपणापासून दुधाचा थेंब न घेतलेल्या मुलींनाही हा त्रास होतो. शरीर स्वतःही गॅलॅक्टोज बनवतं, प्रौढांमध्ये रोज एक ग्रॅमहून जास्त! शिवाय बीजांडकोशाची हानी फार लवकर, कदाचित जन्माआधीच, सुरू होत असावी. तरीही यातल्या काही जणींना नैसर्गिकरीत्या दिवस राहिले आहेत. म्हणून 'तुला मूल होणारच नाही' असं कुणीही ठामपणे सांगू नये.

5. उंदरांनी दिलेला इशारा
1981 साली 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. गाभण उंदरांना भरमसाट गॅलॅक्टोज खायला घातलं, तेव्हा त्यांच्या मादी पिल्लांमध्ये स्त्रीबीजं कमी आढळली. पण आपल्या रोजच्या दोन कप दुधाची त्या मात्रेशी तुलनाच होऊ शकत नाही.

6. 18,555 जणींचा कौल
अमेरिकेतल्या परिचारिकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. स्त्रीबीज नीट बाहेर न पडल्यामुळे येणाऱ्या वंध्यत्वाशी लॅक्टोजचा संबंध दिसला नाही. उलट कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ जास्त घेणाऱ्यांमध्ये ते अधिक आढळलं आणि सायीसकट दूध घेणाऱ्यांमध्ये कमी. अर्थात हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

7. दही लावलं, गॅलॅक्टोज उरलं
योगर्टच्या विरजणातले जिवाणू लॅक्टोज फोडतात, त्यातलं ग्लुकोज वापरतात आणि गॅलॅक्टोज बरंचसं तसंच सोडतात. 'लॅक्टोज-फ्री' दुधातही गॅलॅक्टोज असतंच. म्हणून लॅक्टोज न पचणाऱ्याला चालणारं हे दूध गॅलॅक्टोसेमियाच्या बाळाला अजिबात चालत नाही.

मग करायचं काय?
गॅलॅक्टोसेमिया नसेल, तर मूल होण्यासाठी दूध-दही सोडावं असा ठोस पुरावा नाही. त्यातून मिळणारी प्रथिनं आणि कॅल्शियम उगाच गमावू नका. पाळी अनियमित असेल किंवा वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा; वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांतच. आणि घरात बाळ येणार असेल, तर नवजात तपासणीत गॅलॅक्टोसेमियाची चाचणी आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.