शेतकरणीचें नांव

लोणार तालुक्यांतील सुलतानपुरासारख्या गांवीं शेतकरणीचें आयुष्य निंदणी, वेचणी व चूल यांत सरतें. सातबाऱ्यावर मात्र तिचें नांव क्वचितच आढळतें. खानदेशांत आसोद्यास 1880 सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. निरक्षर असतांही मुलें व शेत सांभाळून त्या 1951 पर्यंत जगल्या. त्यांचीं गाणीं पुत्र सोपानदेवादिकांनीं लिहून ठेविलीं म्हणून 1952 सालीं छापलीं गेलीं. इतर किती मातांचीं जात्यावरच विरलीं! 1956 च्या कायद्यानें हिंदु विधवेस वारशाची पूर्ण मालकी दिली, हें खरें. पण त्यासाठीं आधीं वैधव्य यावें लागतें! पति हयात असतांच पत्नीचें नांव उताऱ्यावर चढविण्याकरितां लक्ष्मीमुक्ति योजना 1992 सालीं निघाली. तिचा अर्ज आपल्यापैकीं कितींनीं तलाठ्याकडे नेला, हें सुलतानपूरकरांनीं चावडींत जाऊन पाहावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.