उन्हातलं कुरळं छत्र

आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट कुरळे केस मुळातच वळण घेऊन उगवतात. त्वचेखालचा केशकूप वाकडा असतो आणि केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल. त्यामुळे टाळूवर पाझरणारं तेल सरळ केसावरून जसं सहज खाली उतरतं, तसं इथे उतरत नाही. टोकं कोरडी राहतात आणि वळणावळणावर केस तुटतो. अशा केसांना रोज शाम्पू म्हणजे असलेलं तेलही धुऊन टाकणं. आठवड्यातून एकदा धुणं पुरे. कंडिशनर लावून, केस ओले असतानाच, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करून गुंता सोडवावा. फार घट्ट वेण्या नकोत. सततच्या ताणाने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात.

केस सरळ करणाऱ्या काही क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे चक्क कॉस्टिक सोडा! केसातल्या केराटिन या प्रथिनामधले गंधकाचे बंध तो तोडतो. टाळू भाजते ती वेगळीच.

आणि सरळ करायचे तरी कशाला? मानवशास्त्रज्ञ टीना लसिसी, नीना जाब्लॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी पुतळ्याच्या डोक्यावर निरनिराळे केसांचे टोप चढवून उष्णता मोजली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की उन्हापासून सर्वांत चांगला बचाव घट्ट कुरळ्या केसांनीच केला. तरीही शाळा-कचेऱ्यांत हेच केस ‘अव्यवस्थित’ ठरत आले. केसांच्या पोतावरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, आणि तेही २०१९ साली.