लेखांक सहावा : अन्ननलिकेचे अस्तर आणि प्रकाशाची पारख

जठरातील आम्ल वारंवार वर चढल्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होणाऱ्या इजेचा विचार मागील लेखांकात झाला. ही इजा वर्षानुवर्षे चालू राहिली, तर काही रुग्णांत तेथील चपट्या पेशींचे मूळ अस्तर नाहीसे होते आणि त्याच्या जागी आतड्याच्या अस्तराशी साधर्म्य असलेल्या उभट पेशी वाढतात. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यविशारदाच्या १९५० मधील लेखावरून या स्थितीला ‘बॅरेटची अन्ननलिका’ म्हणतात. हा कर्करोग नव्हे, आणि बहुसंख्य रुग्णांत त्याचे कर्करोगात रूपांतर होतही नाही. काहींत मात्र पेशींची ठेवण बिघडू लागते, त्यांची केंद्रके फुगतात आणि दाटीवाटीने वेडीवाकडी रचली जातात. ‘डिस्प्लेसिया’ नावाची ही कर्करोगपूर्व अवस्था वेळीच सापडली, तर तेवढे अस्तर दुर्बिणीतूनच काढता किंवा जाळता येते. म्हणून ती सापडण्याला एवढे महत्त्व.

अडचण अशी की, बिघडलेला भाग पुष्कळदा सपाट असतो आणि एंडोस्कोपीच्या पांढऱ्या प्रकाशात शेजारच्या निरुपद्रवी भागाहून वेगळा दिसत नाही. त्यामुळे बदललेल्या अस्तरावर दर एक ते दोन सेंटीमीटरला चारही बाजूंनी तुकडे घेण्याची पद्धत रूढ झाली. असा प्रत्येक तुकडा काही मिलिमीटरांचाच असतो आणि उरलेले बहुतेक अस्तर तपासलेच जात नाही. अहवालात दोष आढळला नाही, याचा अर्थ घेतलेल्या तुकड्यांत तो नव्हता, एवढाच होतो.

या अंधारात प्रकाशाचे विकिरण, म्हणजे सूक्ष्म कणांवर आदळून प्रकाशाचे निरनिराळ्या दिशांना विखुरणे, उपयोगी पडते. गोलाकार कणाच्या आकारमानानुसार विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीगणिक कशी कमीजास्त होते, याचे गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये मांडले होते. निरोगी पेशीचे केंद्रक साधारण ५ ते १० मायक्रोमीटर व्यासाचे असते, तर डिस्प्लेसियात ते २० मायक्रोमीटरपर्यंत वाढू शकते; म्हणून परतलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातील चढउतार मोजले, की तुकडा न काढताही केंद्रकांच्या आकाराचा अंदाज बांधता येतो.

प्रत्यक्षात हे सोपे नाही. परत येणारा बहुतेक प्रकाश खोल थरांत असंख्य वेळा आपटून, रक्तातील हिमोग्लोबिनकडून अंशतः शोषला जाऊन आलेला असतो, आणि वरच्या थरातील केंद्रकांकडून येणारा हवा असलेला अंश त्यात बुडून जातो. यावर काढलेला तोडगा फार सुंदर आहे. ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात असा प्रकाश, अस्तरावर टाकला असता वरच्या थरातून एकदाच विखुरून परतणारे किरण आपले ध्रुवण टिकवतात, तर खोलवर भटकून आलेले ते गमावतात. त्यामुळे मूळ प्रतलातील प्रकाशातून त्याला काटकोनात असलेला प्रकाश वजा केला, की मुख्यतः वरच्या थराचा संकेत उरतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मायकेल फेल्ड यांच्या प्रयोगशाळेत, लेव्ह पेरेलमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास या दिशेने पाया घातला. पुढे बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयात पेरेलमन यांच्या गटाने एंडोस्कोपच्या पोकळीतून आत सरकवता येणारी शलाका घडवली, आणि ती फिरवत अस्तराचे संशयास्पद भाग नकाशावर दाखवता येतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध केले. रंगद्रव्य टोचावे लागत नाही आणि दुर्बीण आत असतानाच उत्तर मिळते, हा तिचा खरा लाभ. निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच पक्के होते. प्रकाशाने तुकडा कोठून घ्यावा, हे सांगायचे. ही शलाका अद्याप नित्याच्या तपासणीचा भाग झालेली नाही.

भारतात चित्र निराळे आहे. येथील अन्ननलिकेचे बहुतेक कर्करोग बॅरेटच्या अस्तरातून नव्हे, तर मूळच्या चपट्या पेशींतून उद्भवतात, आणि तंबाखू व मद्य ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. त्यांची पूर्वावस्था शोधण्यासाठी अस्तरावर आयोडीनचे द्रावण फवारतात: निरोगी पेशींतील ग्लायकोजेनमुळे अस्तर तपकिरी होते, बिघडलेला भाग फिकट राहतो. या द्रावणाने छातीत जळजळ होत असल्याने अनेक ठिकाणी आधी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरभोवतीच्या निळ्या-हिरव्या अरुंद पट्ट्यांचा प्रकाश वापरतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेते, वरच्या थरातील बारीक रक्तवाहिन्यांची बिघडलेली वळणे उठून दिसतात, आणि आयोडीन लागलेच, तर ते संशयित जागेपुरते फवारता येते.