माहिती तुमची, चूक त्यांची... भरपाई कुणाची?

दिवसभरात आपण आपला मोबाइल नंबर किती जणांना देतो, कधी मोजलंय? मॉलमधल्या बिलिंग काउंटरवर एकदा, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत एकदा, पिझ्झा मागवताना एकदा आणि जिमच्या फॉर्मवर तर जन्मतारखेसकट! घेणाराही हसून सांगतो, ‘सर, डेटा एकदम सेफ आहे.’ ठीक आहे, पण उद्या तो सेफ राहिला नाही, तर त्याचं बिल कुणी भरायचं?

दोन विमान कंपन्यांचे किस्से शेजारी-शेजारी ठेवले, की हे कोडं नीट उलगडतं.

ई-मेल आली, पण कधी?

मे २०२१ मध्ये एअर इंडियाच्या प्रवाशांना एक ई-मेल आली. एअर इंडिया तेव्हा सरकारी मालकीची होती. प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या ‘सिटा’ या बाहेरच्या कंपनीच्या सिस्टिमवर सायबरहल्ला झाला होता आणि जगभरातल्या सुमारे ४५ लाख लोकांची माहिती त्यात सापडली होती. नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्टचा तपशील, तिकीट, क्रेडिट कार्डाची माहिती... सीव्हीव्ही नंबर त्यात नव्हता, एवढाच काय तो दिलासा. ही सगळी माहिती ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातली. म्हणजे २०१२ मध्ये हनिमूनला बँकॉक गाठलेलं आणि आता पोराच्या शाळेच्या अॅडमिशनसाठी धावणारं जोडपंही या यादीत असू शकतं!

आता तारखा बघा. सिटाकडून एअर इंडियाला पहिली खबर मिळाली २५ फेब्रुवारीला. कोणत्या प्रवाशांची माहिती गेली, हे कळलं २५ मार्च आणि ५ एप्रिलला. प्रवाशांपर्यंत ही बातमी आली मे महिन्यात. पासवर्ड बदलायचा, कार्ड ब्लॉक करायचं, पासपोर्टवर लक्ष ठेवायचं, ही कामं करायची प्रवाशाने आणि शेवटी कळणारही त्यालाच!

तिकडे काय झालं?

दुसरा किस्सा लंडनचा. २०१८ च्या जून ते सप्टेंबर या काळात ब्रिटिश एअरवेजच्या ग्राहकांची माहिती चोरीला जात होती. कार्ड नंबर, काहींचे तर सीव्हीव्हीसुद्धा. चार लाखांहून जास्त ग्राहक आणि कर्मचारी यात सापडले. कंपनीला दोन महिन्यांहून जास्त काळ गंधही नव्हता. ५ सप्टेंबरला बाहेरच्या कुणीतरी सांगितलं तेव्हा कुठे कळलं. पण दुसऱ्याच दिवशी कंपनीने ते जाहीर केलं.

असं तत्पर वागायला कारण होतं. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा कडक कायदा लागू झाला होता. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी आधी १८.३ कोटी पौंडांच्या दंडाची नोटीस काढली. कंपनीचं म्हणणं आणि कोविडचा फटका लक्षात घेऊन ऑक्टोबर २०२० मध्ये तो २ कोटी पौंडांवर आणला. शिवाय या कायद्यात ग्राहकाला स्वतः भरपाई मागायचा हक्क आहे. हजारो लोकांनी तो वापरला आणि २०२१ मध्ये कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली. रक्कम गुलदस्त्यातच राहिली, पण पैसे ग्राहकाच्या हातात पडले. हाच मुद्दा लक्षात ठेवा.

आपला नवा कायदा

आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबरहल्ल्याची खबर ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला सहा तासांत द्यायची आहे. सरकारला सहा तासांत, आणि ग्राहकाला? त्याबद्दल त्या आदेशात काही नाही.

ती उणीव भरून काढतो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवली गेली. माहिती फुटली, तर ज्याची फुटली त्याला विनाविलंब सांगायचं. काय गेलं, त्याचा काय परिणाम होऊ शकतो, आता काय काळजी घ्यायची, हे सगळं साध्या भाषेत. ‘चूक आमच्या व्हेंडरची’ ही सबबही चालायची नाही, कारण जबाबदारी मूळ कंपनीचीच. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, लपवाछपवी केली तर २०० कोटींपर्यंत. झकास ना?

थांबा, खरी मेख पुढेच आहे. हा दंड जाणार सरकारी तिजोरीत. ज्याच्या कार्डावर कुणीतरी टीव्ही खरेदी केला, त्याला त्यातला एक रुपयाही नाही. उलट जुन्या आयटी कायद्यात ‘४३ अ’ हे कलम होतं. निष्काळजी कंपनीकडून थेट भरपाई मागायची सोय त्यात होती. नव्या कायद्याने ते कलमच काढून टाकायची तरतूद केली, तीही त्याच १८ महिन्यांच्या यादीत!

आयटी कायद्याखाली अशी दाद मिळायची, हे आपल्या मंत्रालयानेच दाखवून दिलं होतं. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून फसव्या ई-मेलद्वारे ८० लाखांहून जास्त रक्कम लंपास झाली. फसवा मेल उघडण्यात तक्रारदाराचीही चूक होती. तरीही राज्याच्या आयटी सचिवांनी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं.

थोडक्यात काय, दंड कंपनीला, पैसा सरकारला आणि मनस्ताप तुम्हाला. कंपनीला धाक हवाच, पण ज्याचं नुकसान झालं त्याच्या खिशाचा विचार कायद्याने करायला नको? संसदेला हा प्रश्न विचारायला हवा आणि तो आपण ग्राहकांनीच विचारायला हवा.

तोपर्यंत एवढं कराच!

• बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. काउंटरवर ‘नंबर देणार नाही’ म्हणायला लाजू नका.

• वेबसाइटवर कार्ड सेव्ह करायचा मोह टाळा. बँकिंग आणि ई-मेलचे पासवर्ड वेगवेगळे ठेवा.

• माहिती फुटल्याची ई-मेल आली, तर डिलीट करू नका. तारखेसकट जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून तीच कामाला येईल.

• पैसे गेले, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा.

• २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विश्वासाने दिलेली माहिती बेकायदा दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. कंपनीने तसं केलं असेल, तर ग्राहक आयोगाचं दार ठोठावता येतं.